पुरंदरचा तह कुणाच्या कागदांतून वाचायचा?

दोन सत्ता वाटाघाटीला बसतात तेव्हा त्यांतली एक बहुधा भरभरून लिहिते आणि दुसरी मोजके. पुढे इतिहास लिहायची वेळ आली की भरभरून लिहिणाऱ्याचा हेतू हाच दोघांचा हेतू ठरतो. अमेरिका आणि चीन यांच्या राजनैतिक इतिहासात हे स्पष्ट दिसते. जुलै 1971 मध्ये हेन्री किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले. त्या भेटीतल्या संभाषणांचे अमेरिकी वृत्तांत आज छापील खंडांत कुणालाही वाचता येतात. चीनच्या परराष्ट्र खात्याचे दफ्तर मात्र 2004 मध्ये अभ्यासकांना खुले झाले आणि दहा वर्षांच्या आतच त्यातला बराचसा भाग पुन्हा बंद झाला. त्यामुळे चीनशी संबंध जुळवण्याचे सगळे श्रेय निक्सन आणि किसिंजर यांच्या पदरात पडत राहिले. चिनी साधने जशी थोडी थोडी हाती आली, तसे वेगळेच काही दिसू लागले. 1969 मध्ये सोव्हिएत सीमेवर चकमकी झाल्यावर माओंनी चेन यी, ये जियानयिंग, शू शियांगचियान आणि न्ये रोंगझेन या चार मार्शलांना जागतिक परिस्थितीचा अभ्यास करायला बसवले होते. अमेरिकेशी वरच्या पातळीवर बोलणी करावीत, असा विचार चेन यी यांनी तेव्हाच मांडला होता. म्हणजे बीजिंगला स्वतःची गरज होती आणि स्वतःचा हिशेबही होता. माझे म्हणणे असे, की पुरंदरच्या तहाबाबत आपण साडेतीनशे वर्षे हीच चूक करत आलो आहोत आणि ती दुरुस्त करण्याचे साहित्य भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांत आहे.

तहाची कलमे शाळेपासून ऐकलेली असतात. जून 1665 मध्ये शिवाजी महाराज मिर्झाराजे जयसिंगाला पुरंदरच्या पायथ्याशी छावणीत भेटले. वर्षाला चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख आणि 23 किल्ले मोगलांना द्यायचे, एक लाख होनांचा मुलूख आणि 12 किल्ले महाराजांकडे राहायचे, असे ठरले. संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळायची होती. विजापूरच्या ताब्यातला कोकण आणि घाटमाथा महाराजांनी जिंकून घ्यावा, त्याबदल्यात बादशहाला 13 वार्षिक हप्त्यांत 40 लाख होन द्यावेत, असेही कलम होते. हे सगळे आपल्याला इतके तपशीलवार ठाऊक आहे ते मुख्यतः जयसिंगामुळे. त्याची फारसी पत्रे मुन्शी उदयराज याने लिहिली आणि ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात ती टिकून राहिली. जयसिंगाच्या तोफखान्यात चाकरीला असलेला निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस त्या छावणीत हजर होता. त्यानेही आठवणी लिहून ठेवल्या. मोगलांची अशी दोन भक्कम साधने असताना मराठी बाजूने तेवढ्या तोडीचा समकालीन वृत्तांत नाही. मग तहाची गोष्ट जयसिंगाच्या बुद्धिचातुर्याची गोष्ट होते आणि महाराजांच्या वाट्याला नमते घेणे एवढेच उरते.

जयसिंगाची पत्रे दुर्लक्ष करण्यासारखी मुळीच नाहीत. विजापूरचा मुलूख महाराजांना देऊ करण्यामागे त्या दोघांत कायमचे भांडण लावून द्यायचा डाव होता, हे त्याने बादशहाला मोकळेपणाने कळवले आहे. एप्रिल 1665 च्या अखेरीस दाऊदखान कुरेशीच्या फौजेने रोहिड्याच्या आसपासची सुमारे 50 गावे जाळून उजाड केली, ही नोंदही मोगली कागदांतली. तीच फौज पुढे राजगडाकडे वळली, गडावरच्या तोफांमुळे मागे सरली आणि गुंजण मावळाच्या बाजूने परतली. भोर-वेल्ह्यातल्या शेतकऱ्याने त्या उन्हाळ्यात काय सोसले हे शत्रूच्या दफ्तरातून कळावे, ही आपल्या साधनांची खरी अवस्था आहे. पण या पत्रांतून जयसिंगाला काय हवे होते ते कळते. समोरच्याने काय वाचवले, हे त्यांत शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही.

ते शोधायचे तर किल्ल्यांची यादी घेऊन नकाशासमोर बसावे. दिलेल्या 23 किल्ल्यांत रोहिडा आहे, म्हणजे आजच्या भोर शहराच्या दक्षिणेचा विचित्रगड. पुरंदर, कोंढाणा, लोहगड, तिकोना हेही त्यातच. राखलेल्या 12 किल्ल्यांत राजगड आणि तोरणा आहेत, दोन्ही वेल्ह्यातले. त्यांच्या जोडीला लिंगाणा आणि रायगड आहेत. तोरण्याच्या पश्चिमेला घाटाची कड लागते. तिथल्या सिंगापूर-मोहरीहून बोराट्याच्या नाळेने उतरले की लिंगाणा समोर येतो आणि त्याच्या पलीकडे रायगड. केळदजवळचा मढे घाटही याच कडेवरून कोकणात उतरतो. म्हणजे महाराजांनी सोडली ती पुण्याच्या मैदानाकडे तोंड करून उभी असलेली पूर्वेची फळी. ठेवला तो राजगडच्या राजधानीपासून कोकणापर्यंत जाणारा सलग पट्टा, वाटांसकट. एक लाख होनांचा आकडा लहान दिसतो, पण या पट्ट्यातून राज्य पुन्हा उभे करता येत होते. रोहिडा देऊन राजगड राखणे ही निवड आहे, असे मी मानतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. जयसिंगाला विजापूरवर चालून जायची घाई होती, राजगडासारखा बुलंद किल्ला वेढायला वर्ष गेले असते, म्हणून त्यानेच तो सोडला. त्यात महाराजांचे काय कर्तृत्व? घाई होती, हे खरेच आहे. पण समोरच्याची घाई ओळखून तिची किंमत वसूल करणे यालाच वाटाघाट म्हणतात. महाराजांचे वकील रघुनाथ पंडित यांच्या फेऱ्या पुरंदरचा वेढा चालू असतानाच सुरू होत्या, म्हणजे पुरंदर पडण्याआधी बोलणी उरकण्यात महाराजांचाही फायदा होता. जयसिंगाची घाई आणि महाराजांची निवड ही दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. पत्रे एकाच बाजूची असली की त्यांतले दुसरे कारण गळून पडते, एवढेच.

दुसरे साधन आहे ते भोर तालुक्यातल्या कारी गावचे. रायरेश्वराच्या कुशीतल्या या गावी रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे यांचे घर. याच घराण्याकडून जेध्यांची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. 1618 ते 1697 या काळातल्या घटना तिच्यात त्रोटक ओळींनी टिपल्या आहेत: शक, संवत्सर, महिना, तिथी आणि काय घडले ते. वर्णन नाही, भाषणे नाहीत, कुणाची स्तुती नाही. याच घराण्याच्या करीन्यात, म्हणजे घराण्याने लिहून ठेवलेल्या कैफियतीत, 1659 ची हकीकत आहे. अफझलखान निघाला तेव्हा आदिलशहाने कान्होजी जेध्यांना खानाला सामील होण्याचे फर्मान पाठवले. कान्होजी ते घेऊन मुलांसह महाराजांकडे गेले. शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले. एकाच खोऱ्यातली दोन घरे दोन दरबारांत उभी राहिली. बादशहा आणि सुलतान फक्त महाराजांशी बोलत नव्हते, ते थेट देशमुखांशीही बोलत होते. सहा वर्षांनी जयसिंगानेही महाराजांवर नाराज असलेल्यांना एकेक करून ओढण्याचा उद्योग केला, हे त्याच्याच पत्रांत आहे. म्हणून पुरंदरच्या तहात राजगड राखायचा तर जेधे, बांदल, सिलीमकर यांची खोरी आपल्याकडे राहतील ना, हा प्रश्न किल्ल्याच्या तटाइतकाच महत्त्वाचा होता. तहाच्या कलमांत तो कुठेच दिसत नाही.

घराण्याचे कागद वतनासाठी लिहिलेले असतात, पूर्वजांची निष्ठा त्यांत फुगवलेली असणारच, असे यावर म्हटले जाते. करीन्याबाबत ही सावधगिरी मी पूर्ण मान्य करतो. कान्होजी महाराजांशी काय बोलले, त्याची वाक्ये जशीच्या तशी खरी धरू नयेत. पण शकावलीची कसोटी वेगळी आहे. महाराजांच्या जन्माची तिने दिलेली तिथी, शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया, पुढे ‘शिवभारता’त स्वतंत्रपणे सापडली आणि बखरींतली तारीख मागे पडली. राजगडावर सव्वीस वर्षांच्या आसपास राजधानी होती, तरी तिथे आज दफ्तराचा कागद नाही. राजधानी रायगडाला गेली आणि 1818 मध्ये तो गड इंग्रजांच्या तोफांनी पेटला. दरबारी कागद असे नाहीसे झाले. वतनाच्या दाव्याला पुरावा लागतो म्हणून देशमुखांच्या वाड्यांतले कागद मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. ज्या स्वार्थामुळे त्यांच्यावर संशय घेतला जातो, त्याच स्वार्थाने ते वाचवले आहेत.

अशी वेगवेगळी साधने एकमेकांवर तपासायची कशी, याचे उत्तम उदाहरण आग्र्याचे आहे. मार्च 1666 मध्ये महाराज राजगडाहून निघाले, 12 मे रोजी दरबारात हजर झाले आणि ऑगस्टमध्ये निसटले. त्या महिन्यांचा सर्वांत जिवंत वृत्तांत जयपूरच्या दफ्तरातल्या राजस्थानी पत्रांत आहे. जयसिंगाचा मुलगा कुंवर रामसिंग याच्या पदरी असलेला परकालदास तिथून जवळजवळ रोजची हालहवाल अंबरला कळवत होता. ही पत्रे जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केली. पण परकालदासाची नजर आग्र्यापुरती. महाराज राजगडाला पोचले कधी, सप्टेंबरात की नोव्हेंबरात, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. तिथे शालिवाहन शकाची तिथी, हिजरी तारीख आणि इंग्रजांची दहा दिवस मागे चालणारी जुनी कालगणना जंत्रीत शेजारी शेजारी मांडून, कोणता निरोप कुठून किती दिवसांत पोचू शकतो याचा हिशेब करावा लागतो. या दोन महिन्यांच्या फरकावर बरेच अवलंबून आहे. महाराज सप्टेंबरातच परतले असतील, तर मोगलांशी पुढच्या बोलण्यांआधी त्यांना राजगडावर निवांत विचार करायला मिळालेला अवधी दोन महिन्यांनी वाढतो.

तहाचा शेवटही याच डोंगरांत झाला. 1670 च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत आला, मार्चमध्ये पुरंदर, आणि त्याच वर्षी रोहिडाही. मोगली लेखक याला बंड म्हणतात. पण ही मोहीम ज्या मुलखाच्या बळावर उभी राहिली, तो पाच वर्षांपूर्वी तहात राखलेला राजगड-तोरण्याचाच मुलूख होता.