लघवीतील जड धातू : आकड्यामागचा अर्थ

शरीरात शिरलेल्या जड धातूंचा माग काढण्यासाठी लघवीची तपासणी सोयीची असली, तरी प्रत्येक धातू शरीरात निराळ्या वाटेने फिरत असल्यामुळे ती सरसकट लागू पडत नाही. शिसे रक्तातील तांबड्या पेशींना चिकटून राहते व पुढे हाडांत साठते, म्हणून त्यासाठी रक्तच तपासावे लागते. वाफेच्या रूपाने श्वासावाटे गेलेला पारा लघवीत सापडतो. माशांतून पोटात जाणारा मिथिल पारा मात्र मुख्यतः विष्ठेवाटे बाहेर पडत असल्याने त्याचा अंदाज रक्तावरून किंवा केसांवरून घेतात.

आर्सेनिकचा बराचसा भाग काही दिवसांतच लघवीवाटे निघून जात असल्याने त्याचा आकडा अलीकडच्या संपर्काविषयीच सांगतो. याउलट मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्म्यावर यायला 10 ते 30 वर्षे लागतात, त्यामुळे लघवीतील त्याचे प्रमाण दीर्घकाळच्या साठ्याचे निदर्शक ठरते. जपानच्या तोयामा भागात खाणीतील कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरले आणि मूत्रपिंडे निकामी करून हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा आजार उद्भवला. तो प्रदूषणजन्य असल्याचे तेथील सरकारने 1968 मध्ये मान्य केले.

पाणी भरपूर प्यायल्यास लघवी पातळ होऊन धातूचे प्रमाण कमी दिसते, म्हणून स्नायूंतून तयार होऊन लघवीत उतरणाऱ्या क्रिएटिनिन या द्रव्याशी त्याची तुलना करतात. दोन नमुन्यांत लिटरमागे 20 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असले, तरी एकात क्रिएटिनिन अर्धा ग्रॅम व दुसऱ्यात दोन ग्रॅम असल्यास ग्रॅममागे आर्सेनिक अनुक्रमे 40 आणि 10 मायक्रोग्रॅम भरते. आदल्या दिवसांचा आहारही विचारात घ्यावा लागतो. कोकण-गोव्यात रोजच्या जेवणात असणाऱ्या मासळीत आणि कोळंबीत आर्सेनोबेटाइन हे जवळपास निरुपद्रवी आर्सेनिक संयुग असते. त्यामुळे एकूण आर्सेनिक वाढलेले दिसले, की विषारी अजैविक आर्सेनिक वेगळे मोजावे लागते आणि चाचणीपूर्वी काही दिवस मासळी वर्ज्य करण्यास सांगतात.

धातूला बांधून बाहेर काढणारे औषध देऊन मग लघवी तपासण्याची पद्धत मात्र दिशाभूल करणारी आहे. अशा औषधाने निरोगी माणसाच्या लघवीतही धातूचे प्रमाण वाढते, आणि प्रयोगशाळांच्या संदर्भमर्यादा औषध न घेतलेल्यांसाठी ठरवलेल्या असतात. त्यांच्याशी तुलना करून विषबाधेचे निदान केल्यास विनाकारण उपचार पदरी पडतात. म्हणूनच कोणता धातू, कोणत्या मार्गाने आणि केव्हा शरीरात गेला असावा, याची विचारपूस नमुना घेण्यापूर्वीच व्हायला हवी.