सामायिक पाट, सामायिक भाषा

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात बागलाण तालुका आहे. मोसम आणि आरम या तेथील नद्या. या नद्यांच्या काठी काही शतकांपासून ‘फड पद्धत’ चालत आली. नदीवर बंधारा घालावयाचा, त्यातून कालवा काढावयाचा आणि कालव्याखालच्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडावयाचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. कोणत्या वर्षी कोणत्या फडात काय पेरावे, हे गावकरी एकत्र बसून ठरवीत. पाणी सोडण्यासाठी पाटकरी असे. कालव्यातील गाळ मात्र सर्वांनी मिळून काढावयाचा. बंधारा कोणा एकाचा नव्हता. म्हणूनच त्याची काळजी प्रत्येकाला वाहावी लागे. गाळ काढणारे हात थांबले, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचणार कसे?

अशी सामायिक कामे केवळ माती-दगडांचीच असतात असे नाही. आज जगात संगणकासाठी तयार केलेल्या काही भाषाही याच रीतीने चालतात. संगणकाला आपली भाषा कळत नाही. त्याच्याकडून काम करवून घेण्यासाठी माणसांनी काही नेमक्या, नियमबद्ध भाषा रचल्या आहेत. त्यांना ‘प्रोग्रॅमिंगच्या भाषा’ म्हणतात. अशा भाषेत लिहिलेली आज्ञा संगणकाला समजावून देणारा जो मूळ मजकूर असतो, तो काही संस्था कुलपात ठेवतात. याउलट काही भाषांचा मूळ मजकूर सर्वांसाठी उघडा असतो. तो कोणीही वाचावा, वापरावा, त्यात बदल करावा आणि तो दुसऱ्यास द्यावा, अशी लेखी परवानगी त्याच्यासोबतच दिलेली असते. अशा कामाला ‘मुक्त स्रोत’ असे नाव आहे.

‘पायथन’ ही अशीच एक भाषा होय. गिडो व्हान रॉसम हे डच गृहस्थ अ‍ॅमस्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेत काम करीत. 1989 सालच्या नाताळच्या सुटीत त्यांनी ही भाषा रचण्यास प्रारंभ केला आणि 1991 साली ती लोकांपुढे ठेवली. तिचे नाव अजगरावरून पडले असे पुष्कळांना वाटते. परंतु ते एका विनोदी इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेवरून घेतलेले आहे. एका माणसाने आरंभिलेल्या या कामाला पुढे निरनिराळ्या देशांतील माणसांचे हात लागले. भारतीयही अशा कामांत मागे नाहीत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ज्यूलिया’ या भाषेच्या चौघा निर्मात्यांपैकी विरल शहा हे भारतीय आहेत.

सर्वांचे काम म्हटले म्हणजे ज्याला जे वाटेल ते त्याने करावे, असा अर्थ मात्र नाही. पायथनमध्ये मोठा बदल सुचवावयाचा असेल, तर त्याचा लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. बदल का हवा, त्याने कोणाची सोय होईल आणि कोणाची अडचण होईल, हे त्यात सांगावे लागते. मग त्यावर उघड चर्चा होते. पूर्वी अखेरचा निर्णय व्हान रॉसम देत. 2018 साली एका प्रस्तावावरून तीव्र वाद झाला. तो प्रस्ताव संमत झाला खरा. परंतु त्यानंतर त्यांनी तो अधिकार आपण होऊन सोडला. 2019 पासून पाच जणांचे निवडलेले मंडळ हे काम पाहते.

आता प्रश्न असा की, नाशिकच्या एखाद्या शाळेतील मुलाने किंवा मुलीने एवढ्या मोठ्या कामात काय करावे? पहिली पायरी सोपी आहे: भाषा शिकावी, ती वापरावी आणि वापरताना डोळे उघडे ठेवावेत. एक उदाहरण पाहू. ‘नाशिक’ या शब्दात अक्षरे किती? तुम्ही म्हणाल, तीन: ना, शि, क. पायथनला हाच शब्द देऊन त्याची लांबी विचारा. उत्तर येते पाच! कारण संगणक न, काना, श, वेलांटी आणि क ही पाच चिन्हे स्वतंत्रपणे मोजतो. ‘त्र्यंबक’ हा शब्द दिला, तर तो आठ म्हणतो. याहून नवल पुढेच आहे. ‘नाशिक’ हा शब्द निव्वळ अक्षरांचा आहे काय, असे त्याला विचारले, तर तो ‘नाही’ असे सांगतो. कारण त्याच्या नियमाप्रमाणे काना आणि वेलांटी ही अक्षरेच नव्हेत.

अशी विसंगती दिसली की लगेच ‘भाषा चुकली’ असा डंका पिटू नये. आधी त्या भाषेची माहितीपुस्तिका उघडावी. तेथे हा नियम स्पष्ट लिहिलेला आढळतो. जगातील लिप्यांची चिन्हे संगणकात साठविण्यासाठी ‘युनिकोड’ नावाची एक सर्वमान्य व्यवस्था आहे. तिने प्रत्येक चिन्हाचा वर्ग ठरविला आहे, आणि पायथन त्या वर्गानुसार उत्तर देते. हा नियम आज एकाएकी बदलला, तर त्याच्या आधारावर लिहिलेली इतरांची कामे बिघडतील. कालव्याच्या मुखाशी एकाने दार फिरवावे आणि शेवटच्या शेतातील पीक वाळावे, तसेच ते होईल. म्हणून येथे उपाय वेगळा शोधावा लागतो. मराठी अक्षरे बरोबर मोजणारे जोडसाधन तयार करता येते, किंवा माहितीपुस्तिकेत देवनागरीचे उदाहरण घालण्याची सूचना करता येते.

परंतु कधी खरोखरच दोष सापडतो. तेव्हा तो कळविणे हीच मोठी मदत असते. तोच दोष पूर्वी कोणी कळविला आहे काय, हे आधी शोधून पाहावे. मग तीन गोष्टी नेमक्या शब्दांत लिहाव्यात: मी काय केले, काय व्हावे अशी माझी अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय झाले. भाषेची कोणती आवृत्ती वापरली, तेही नोंदवावे. ‘चालत नाही’ एवढेच लिहिणे म्हणजे वैद्याकडे जाऊन नुसते ‘बरे वाटत नाही’ असे म्हणण्यासारखे आहे.

याखेरीजही कामे पुष्कळ असतात. माहितीपुस्तिकेतील अवघड वाक्य सोपे करणे, छपाईची चूक दुरुस्त करणे, मजकुराचा भाषांतर करणे, नव्या बदलाने जुने काही मोडले नाही ना याची चाचणी लिहिणे, ही सारी सेवाच होय. ज्या ठिकाणी हे काम चालते, तेथे नाव नोंदविण्यासाठी वयाची अट असू शकते. ती पाहावी, आणि तोवर शिक्षकांच्या किंवा पालकांच्या साहाय्याने काम करावे.

तुम्ही पाठविलेली दुरुस्ती जशीच्या तशी स्वीकारली जाईल असे समजू नका. जाणती माणसे ती वाचतात, शंका विचारतात, पुन्हा लिहावयास सांगतात; कधी ती नाकारतातही. त्यात अपमान नाही. ज्या पाण्यावर अनेकांची शेते अवलंबून आहेत, त्याच्या बांधावरचा प्रत्येक दगड पारखूनच बसवावा लागतो. उत्तर यावयास विलंब लागला तरी रागावू नये. कारण यांतील पुष्कळ माणसे आपला फावला वेळ खर्चून हे काम करीत असतात.

मराठी मुलांनी या कामाकडे वळण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. पायथनला मात्र शब्द क्रमाने लावावयास सांगितले, तर ती ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसविते; म्हणून ‘आवळा’ या शब्दाआधी ‘आळंदी’ येते. मराठीचा क्रम पाळणारी निराळी साधने आहेत. पण मराठीचा क्रम कोणता, हे कोणी तरी आधी नेमके लिहून दिल्यावाचून अशी साधने तयार होत नाहीत. हॉलंडातील किंवा अमेरिकेतील कुशल माणसाला ही उणीव सहजी दिसणार नाही. ती दिसेल, ती ज्याने पाटीवर ‘ळ’ गिरविला त्याला. ज्या भाषेची माणसे अशा सामायिक कामांत उतरत नाहीत, त्या भाषेला इतरांनी घालून दिलेल्या नियमांवर भागवून घ्यावे लागते. तेव्हा संगणकासमोर बसाल, त्या वेळी आपल्या गावाचे नाव त्याला देऊन पाहा आणि तो काय उत्तर देतो, ते वहीत टिपून ठेवा. कामाचा आरंभ तेथूनच होतो.