हवेच्या उशीवर जहाज

ओल्या रानात भरल्या ट्रॉलीचे चाक आसापर्यंत रुतले, की काय हाल होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. जॅक लावावा, तर जॅकच चिखलात जातो. नदीकाठी जहाज बांधणाऱ्यांचीही हीच अडचण. त्यांनी ती हवेने सोडवली.

चीनच्या शांतुंग प्रांतातील शियाओ छिंग-ह गोदीत २० जानेवारी १९८१ रोजी टाक्यांचा एक पडाव रबरी पिशव्यांवरून पाण्यात उतरवला. अशा वापराची ही पहिली नोंद. जहाज लाकडी ठोकळ्यांवर बांधतात. रिकाम्या, चपट्या पिशव्या त्याच्या पोटाखाली सारतात आणि हवा भरतात. जहाज वर उठते, ठोकळे निघतात, आणि त्याच पिशव्या रूळ होऊन उतारावरून ते पाण्यात नेतात. एखादा जड भाग जोडताना थोडा वर घ्यायचा असला, तरी चपटी पिशवी कामी येते. तिला दोन बोटांची फट पुरते.

हवेत एवढे बळ कुठले? हिशेब करा. पिशवी ६० सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे ३६०० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण चौथाई, दिला तरी १८ क्विंटल उचलले जातात! शिवाय भार पसरतो, त्यामुळे खालची जमीन खचत नाही. मात्र पिशवी फुगून गोल झाली की टेकण्याची जागा घटते आणि बळही घटते.

हे वाचून कुणी जुनी ट्यूब घेऊन धावेल, म्हणून माझीच फजिती सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गावात मीच हौसेने ट्रकची ट्यूब ट्रॉलीखाली घालायला लावली. ट्रॉली वीतभर उठली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि ट्यूब साबणासारखी बाजूला सटकली. आसाखाली दगड सारणाऱ्या पोराने हात नुकताच बाहेर घेतला होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

नुसत्या ट्यूबला आवर घालायला काही नसते. गोदीतल्या पिशवीच्या रबरात टायरसारखे दोऱ्याचे थर असतात. आणि तिथेही इंचभर उचलले की इंचभर ठोकळा सरकवतात, तोही लांब दांड्याने. भाराखाली हात कुणी घालत नाही.