गढूळ पाण्यावर निवडुंगाचा उतारा

फड्या निवडुंगाचा फडा कापला की आतून चिकट, तार सुटणारा बुळबुळीत रस येतो. फडा म्हणजे पान नव्हे. ते चपटं झालेलं खोड आहे. हे झाड दिवसा रंध्रं मिटून घेतं, रात्रीच्या गारव्यात उघडतं, आणि मिळालेलं पाणी या चिकट रसात धरून ठेवतं. हाच रस आता पाणी निवळण्यासाठी वापरता येईल का, यावर गंभीर संशोधन चाललं आहे.

मेक्सिकोत या झाडाला नोपाल म्हणतात. तिथे कोवळ्या फड्यांची भाजी रोजच्या जेवणात असते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या रसायन अभियंता नॉर्मा अल्कांतार मूळच्या मेक्सिकोच्या. नोपाल उकळून त्यानं पिण्याचं पाणी निवळायची जुनी रीत त्यांना आजीकडून ठाऊक होती. पुढे त्यांच्या गटानं ती प्रयोगशाळेत तपासली. पाण्यात मुद्दाम बारीक माती आणि बॅसिलस सेरेअस हे जिवाणू मिसळले, मग निवडुंगाचा अर्क घातला. जिवाणूंचे पुंजके होऊन ते तळाला बसले; 97 ते 98 टक्के जिवाणू पाण्यातून वेगळे झाले. हे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले.

हे घडतं कसं? गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. आपल्याकडे हंड्यात तुरटी फिरवतात, तेव्हा तुरटी मुख्यतः तो भारच मोडते. निवडुंगाची रीत वेगळी. त्याच्या रसात शर्करांच्या लांब साखळ्या असतात; एकेक साखळी अनेक कणांना चिकटते आणि त्यांची मोळी बांधते. मोळी जड झाली की खाली बसते. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका गटानं 2008 मध्ये दाखवलं, की या उपायानं 92 ते 99 टक्के गढूळपणा जातो. यातलं साधारण निम्मं काम रसातलं गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल करतं, आणि हा रस अल्कधर्मी पाण्यात, सामू 10 च्या आसपास, सर्वांत चांगला चालतो.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या नदी-विहिरींच्या पाण्याचा सामू बहुधा त्याहून बराच कमी असतो, त्यामुळे तेच आकडे इथे मिळतील असं धरून चालता येणार नाही. शिवाय रस स्वतः सेंद्रिय आहे. जास्त पडला तर पाण्यात उरतो आणि जिवाणूंनाच खाद्य होतो. म्हणून निवळलेलं पाणी उकळणं किंवा त्यात क्लोरीन घालणं टळत नाही.

प्रयोग झाले ते प्रामुख्यानं मेक्सिकोत लागवड होते त्या प्रकारच्या निवडुंगावर. आपल्या बांधावर लाल बोंडं धरणारा काटेरी निवडुंग त्याच कुळातला असला तरी बहुतेक ठिकाणी प्रजाती वेगळी आहे. त्याच्या रसाची स्वतंत्र तपासणी करायला हवी, आणि ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाला परवडणारी आहे: पावसाळ्यातलं नदीचं पाणी सहा चंचुपात्रांत घ्यायचं, अर्काची मात्रा प्रत्येकात वाढवत न्यायची, आधी जोरात मग हळू ढवळायचं, अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा. शेजारी तुरटीचंही एक पात्र ठेवावं.