बाटलीतला द्रव तपकिरी का होतो?

खोकल्याच्या औषधाची बाटली बहुधा तपकिरी असते आणि तिच्यावर ‘थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे’ अशी सूचना छापलेली असते. या सूचनेमागचे रसायनशास्त्र ई-सिगारेटमध्ये भरल्या जाणाऱ्या द्रवालाही लागू पडते. ब्रिटनमध्ये हा द्रव घरच्या घरी मिसळण्याची पद्धत रूढ आहे. तेथे २०१६ च्या नियमांनुसार निकोटिनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरहून मोठी नसावी आणि एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन नसावे, असे बंधन आहे. निकोटिनविरहित द्रवाला हे बंधन नसल्याने तो मोठ्या बाटलीत घेऊन त्यात निकोटिन वेगळे मिसळले जाते.

असे घरगुती मिश्रण काही दिवसांनी पिवळसर आणि पुढे तपकिरी होते. कैरीचे लोणचे मुरावे तसा हा द्रव ‘मुरला’, असा अर्थ अनेक जण काढतात. तो लवकर मुरावा म्हणून बाटली उन्हात ठेवण्याचा सल्लाही काही हौशी मंडळी देतात. प्रत्यक्षात उन्हात जे घडते त्याला मुरणे म्हणण्यापेक्षा बिघडणे म्हणणेच योग्य ठरेल.

<b>रंग कशामुळे बदलतो?</b>

या द्रवाचा मुख्य भाग म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. हे दोन्ही पदार्थ रंगहीन असून साध्या प्रकाशाने त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. निकोटिनची गोष्ट वेगळी आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी १८२८ मध्ये तंबाखूपासून ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शुद्ध निकोटिन तेलकट आणि रंगहीन असते. मात्र हवा आणि प्रकाश यांच्या संपर्कात ते पिवळे व नंतर तपकिरी होत जाते.

हवेतील प्राणवायूचा निकोटिनच्या रेणूंशी संयोग होऊन कोटिनिन, निकोटिन-एन-ऑक्साइड, मायोस्मिन यांसारखे पदार्थ तयार होतात. प्रकाश या क्रियेला ऊर्जा पुरवतो. किरणांची तरंगलांबी जितकी कमी, तितकी त्यांची ऊर्जा अधिक. त्यामुळे अतिनील आणि निळे किरण सर्वाधिक नुकसान करतात. खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, पण बराचसा भाग आत येऊ देते. त्यामुळे खिडकीतली बाटली सुरक्षित राहत नाही. अंधारातही प्राणवायूचे काम पूर्ण थांबत नाही, फक्त मंदावते.

<b>स्वादाचेही तेच</b>

स्वादासाठी वापरली जाणारी द्रव्येही तितकीच नाजूक असतात. बदामाचा वास देणारे बेन्झाल्डिहाइड हवेत राहिले की त्याचे बेन्झोइक आम्ल बनते. संत्र्याच्या सालीतील लिमोनिनही प्राणवायूने बदलते आणि ताजा वास हरवतो. व्हॅनिलाचा स्वाद देणारे व्हॅनिलिन तर स्वतःच द्रवाला गडद रंग आणते. अमेरिकेतील येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की अशी काही स्वादद्रव्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलशीच संयोग पावून बाटलीत नवी संयुगे तयार करतात. म्हणजे बाटलीत जे मिसळले तेच पुढेही कायम राहील, असे नाही.

<b>तपकिरी काचेचे काम</b>

तपकिरी काच अतिनील आणि निळे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. निळी काच दिसायला आकर्षक असली तरी निळा प्रकाश आत सोडते, म्हणून ती तितकी उपयोगी नसते. पण केवळ काचेचा रंग पुरेसा नाही. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेने भरलेली बाटली. मऊ प्लॅस्टिकच्या भिंतींतूनही प्राणवायू हळूहळू आत झिरपतो. उष्णता या सर्व क्रियांचा वेग वाढवते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत प्रकाश आणि उष्णता हे दोन्ही शत्रू एकत्र येतात.

<b>रंग म्हणजे मोजमाप नव्हे</b>

सर्वात मोठा धोका रंगावरून अंदाज बांधण्यात आहे. व्हॅनिलायुक्त द्रव निकोटिन नसतानाही तपकिरी होतो. उलट, थोडेसेच निकोटिन बदलले तरी रंग ठळकपणे पालटू शकतो. त्यामुळे ‘रंग गडद झाला, म्हणजे जोर कमी झाला’ असे समजून कोणी आणखी निकोटिन मिसळले, तर मिश्रण अपेक्षेपेक्षा कितीतरी तीव्र होऊ शकते. नेमके प्रमाण प्रयोगशाळेतील तपासणीनेच कळते, डोळ्यांनी नव्हे.

निकोटिन त्वचेतूनही शरीरात शोषले जाते. एकेकाळी त्याचे सल्फेट शेतीत कीटकनाशक म्हणून वापरले जात असे. जास्त मात्रेने मळमळ, उलट्या, चक्कर, धडधड अशी लक्षणे दिसतात आणि गंभीर विषबाधेत जीवही जाऊ शकतो. गोड वासाची, लेबल नसलेली बाटली लहान मुलांच्या हाती लागणे म्हणूनच सर्वाधिक घातक.

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात यांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. उत्पादन वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जेथे अशी बंदी नाही, तेथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बाटली अंधारात ठेवल्याने निकोटिन अधिक काळ टिकते. ते निरुपद्रवी मात्र होत नाही.