पिकाची नोंद अडते कोठें ?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशी, सोयाबीन व तूर यांचा पेरा आटोपला म्हणजे शेतकऱ्यास आणखी एक काम उरतें. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या 'ई-पीक पाहणी'प्रमाणें, शेतांत उभें राहून मोबाइलनें पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें व नोंद स्वतः करावयाची. ती सातबाऱ्यांतील गांव नमुना 12 वर चढते. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी अशा प्रसंगीं तिचीच विचारणा होते. मुदत संपत आली असतां सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर घरांत किती चिंता पसरते हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

अशा वेळीं लोक ॲपला बोल लावतात. आमच्या मतें हा टपालवाल्यावर रागावण्याचा प्रकार होय. ॲप केवळ निरोप्या आहे. तो निरोप दूरच्या एका संगणकाकडे नेतो. हा संगणक जणू कारकून. आणि खरी वही सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर त्याच्याहि पलीकडे असतो. तेथें दार उघडलें नाहीं, तर आपल्यास "पुन्हा प्रयत्न करा" एवढेंच दिसतें. कारण दिसत नाहीं.

कारण लिहिलेलें असतें तें कारकुनाच्या व सर्व्हरच्या रोजनिशींत. जाणता तंत्रज्ञ प्रथम त्या वाचतो. उतावळा मनुष्य सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतो. घटकाभर काम चालतें, पण त्या क्षणीं कोण कोठें अडला होता याचा माग पुसला जातो.

मायएसक्यूएल नांवाच्या प्रसिद्ध प्रणालीचें उदाहरण घेऊं. तिच्या चुकांस क्रमांक आहेत. 1045 म्हणजे नांव किंवा परवलीचा शब्द चुकला. हें लवकर दुरुस्त होतें. 1040 मात्र कठीण. त्याचा अर्थ, जोडण्या संपल्या. मुळांत एका वेळीं 151 जोडण्यांची मर्यादा असते. वाचकांस ही थोडी वाटेल. परंतु प्रत्येक काम क्षणार्धांत उरकून जोडणी मोकळी झाली, तर तेवढ्यांत हजारों शेतकऱ्यांची सोय होते. मग त्या तुंबतात कशानें ? पुष्कळदां एखाद्या मंद प्रश्नानें. वहीस अनुक्रमणिका नसली, तर एक गट क्रमांक शोधण्यासाठीं पहिल्या पानापासून सारीं पानें उलटावीं लागतात, आणि तोंवर मागचे सर्व ताटकळतात. कधीं आज्ञावली लिहिणारा घेतलेली जोडणी परत करावयासच विसरलेला असतो. अशा वेळीं मर्यादा 1500 केली तर ? प्रत्येक जोडणी थोडी स्मृति व्यापते. ती संपली कीं सर्व्हरच कोसळतो. म्हणून सर्वांत अधिक वेळ चाललेला प्रश्न आधीं शोधून काढावा.

घरीं करण्याजोगें थोडेंच आहे. शेजाऱ्याच्या मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीनें, तेंच उत्तर येतें काय हें पाहावें. येत असल्यास ॲप काढून पुन्हा बसवूं नये; न पोंचलेली नोंद त्यांत नाहींशी होण्याचा संभव असतो. आलेलीं अक्षरें, दिवस व वेळ टिपून ठेवावीं. तक्रार देतांना तीं जोडलीं, म्हणजे रोजनिशींतील नेमकी ओळ शोधणाऱ्यास सांपडते.