एकेक ओळीचे दशक

वेबसाइटे बनवण्याच्या पीएचपी या भाषेची ७.० ही आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली आणि मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी, 'मायएसक्यूएल_' या उपसर्गाची जुनी फंक्शने भाषेतून कायमची गेली. या घटनेला दशक उलटले, तरी त्यांचा उल्लेख आजही बहुधा कुचेष्टेनेच होतो.

पीएचपीचे जनक रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये खुल्या केलेल्या साधनांपासून १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंतचा काळ पायाभरणीचा होता, एवढे म्हणणे पुरे. या फंक्शनांचे खरे दशक २००० मधील चौथ्या आवृत्तीपासून सुरू होते. तेव्हा क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, पाठवली की हाती माहिती न येता 'रिसोर्स' हा निकालाचा दुवा येई. 'मायएसक्यूएल_फेच_अ‍ॅरे' त्यातून एका वेळी एक ओळ काढून देई, आणि ओळी संपल्या की 'फॉल्स' मिळून 'व्हाइल'चा लूप थांबे. त्या ओळीतील प्रत्येक मूल्य दोनदा येई, एकदा क्रमांकाने आणि एकदा स्तंभाच्या नावाने. क्वेरीच चुकली असेल तर दुव्याच्या जागी 'फॉल्स' येई, परंतु इशारा मात्र कोडमधील फेचच्या ओळीवर दिसे, त्यामुळे नवशिका भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसे.

याहून गंभीर दोष सुरक्षिततेचा होता. वापरकर्त्याने भरलेला मजकूर क्वेरीत थेट जोडल्यास त्यातून परकी आज्ञा घुसवता येते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. त्यावर उपाय म्हणून पीएचपीतील 'मॅजिक कोट्स' ही सोय अवतरणचिन्हांआधी आपोआप बॅकस्लॅश लावी, ज्याने खोटी निश्चिंती आली आणि साठवलेल्या नावांत नको त्या रेघाही शिरल्या. क्वेरीचा साचा व मूल्ये वेगळी देणारी 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' पद्धत २००४ मध्ये मायएसक्यूएलआय आणि पुढच्या वर्षी पीडीओ या पीएचपीच्या नव्या विस्तारांमधून उपलब्ध झाली, तरी जुनी फंक्शने कालबाह्य ठरायला २०१३ उजाडले. या नऊ वर्षांच्या दिरंगाईचे खापर मात्र, सोपा मार्ग उघडा दिसला म्हणून त्यावरून चालणाऱ्या नवशिक्यांच्या माथी फोडले गेले.

आज ओआरएम, म्हणजे तक्त्यांना ऑब्जेक्टचे रूप देणारा थर, क्वेरी स्वतःच लिहितो. शंभर लेखांच्या यादीत प्रत्येक लेखकाचे नाव दाखवताना तो, वेळीच सूचना न दिल्यास, नकळत एकशे एक क्वेऱ्या धाडतो. जुनी फंक्शने जाणे आवश्यकच होते. परंतु पानामागे किती विचारणा होतात हे कोडवर नजर टाकताच कळण्याची सोय त्यांच्याबरोबर मोडीत निघाली, आणि पान मंदावले की सर्व्हर वाढवण्याचीच शिफारस प्रथम होऊ लागली.